सावेबाईंचा कोरा संगणक

विजयमाला सावे यांची नक्कल करायची तर आधी गळ्यात दोरीचा चष्मा लागतो. तो नाकावर चढवायचा नाही, नुसता हातात धरायचा आणि समोरच्याकडे बघत म्हणायचं, "हात मागे." ‘हात’वर जरा रेंगाळायचं, ‘मागे’ झटक्यात संपवायचं. एवढं जमलं की डहाणू गावातल्या पस्तिशीपुढच्या माणसाचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे जातात. मी हे पोस्टातल्या काकांवर करून पाहिलंय, दूधवाल्यावर पाहिलंय आणि एकदा तोंड उघडं असताना दातांच्या डॉक्टरांवरसुद्धा. डॉक्टरांनी आरसा माझ्या तोंडातच सोडला.

बाई आमच्या शेजारी राहतात. मध्ये फक्त चिकूच्या झाडांची एक रांग. चिकू कुणाच्या बाजूला पडला यावरून माझी आई आणि बाईंची वहिनी अधूनमधून अबोला धरतात, बाई त्यात पडत नाहीत. त्यांनी लग्न केलं नाही, शाळा केली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गावाला त्यांचं नाव माहीत नसल्यासारखं सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. त्या गणित शिकवायच्या आणि संगणक शिकवायच्या. ‘आम्हाला तेव्हा संगणक होता’ हे वाक्य माझे पप्पा असं म्हणतात, की ऐकणाऱ्याला वाटावं शाळेत हत्ती होता.

पप्पा सांगतात ते असं. सरकारी योजनेतून शाळेला एक विलायती संगणक आला. त्याला स्वतंत्र खोली मिळाली. शाळेतला एकुलता एक पडदा त्या खोलीला, न कुरकुरणारा पंखा त्या खोलीत, आणि चपला बाहेर. कीबोर्डवर बाईंनी स्वतः शिवलेलं फुलाफुलांचं झाकण. मुलांनी खिडकीतून बघायचं, हात मागे ठेवून. शिकायचं ते पुठ्ठ्यावर. प्रत्येकाने घरून शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा आणायचा. बाई रंगीत खडूंनी फळ्यावर कीबोर्ड काढायच्या, तो पुठ्ठ्यावर उतरवून घ्यायचा आणि मग अख्खा वर्ग त्या पुठ्ठ्यांवर टकटक करत बसायचा. कुठलं अक्षर कुठे, हे डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. ‘संगणकाची निगा कशी राखाल?’ हा प्रश्न परीक्षेत हमखास यायचा आणि त्यात पप्पांना पैकीच्या पैकी. आज मोबाइलवरून एक फोटो पाठवायचा तर पप्पा मला हाक मारतात, पण निगा विचारा.

खंडेनवमीला मात्र ती खोली सगळ्यांना उघडी असायची. संगणकाला हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढे नारळ. सुतारकामाच्या वर्गातली करवत शेजारी मांडलेली. रांगेने आत जायचं, दोघांना नमस्कार करायचा आणि बाहेर यायचं. दुसऱ्या दिवसापासून करवत कामाला लागायची. संगणक पुन्हा फुलांच्या झाकणाखाली.

२०१८च्या डिसेंबरात प्रितेश राऊत बाईंकडे आला. तोही त्यांचाच विद्यार्थी. वापीला संगणकाचे सुटे भाग विकतो आणि तिकडे राहून त्याची मराठी हळूहळू बॉर्डर ओलांडायला लागली आहे. त्याच्या वडिलांचा अच्छाडला हायवेवर ढाबा होता. सीमेवरच्या तपासणी नाक्यावर ट्रकांची रांग लागायची तोवर जोरात चालला. रांग गेली तसा ढाबा बसला. आता त्या ढाब्यात प्रितेशने संग्रहालय काढलं होतं. भंगारातून, लिलावातून, कुणाकुणाच्या माळ्यावरून जमवलेले जुने संगणक आणि व्हिडिओ गेम. शाळेने जुनं सामान काढलं तेव्हा बाईंचा संगणकही त्यानेच उचलला होता. त्याच्यासाठी तोच संग्रहालयाचा राजा. "कोरा पीस, बाई," तो सारखा म्हणत होता. "असा कुठेच नाय भेटणार. तुमी सांभाळला म्हणून ने."

उद्घाटनाला बाईंचा सत्कार करायचा, आणि तो संगणक बाईंच्या हस्ते चालू करायचा, असा बेत होता. मी बाईंच्या ओटीवर चिकू खात होते. बाईंनी फक्त एवढंच विचारलं की चालू होतो का. प्रितेश डोळे मिचकावून म्हणाला, ते त्या दिवशीच बघू. मग बाईंचे गुडघे दुखायला लागले. मग वाडीत चिकूचा तोडा होता. मग थंडी आली. डहाणूच्या थंडीला घाबरलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. प्रितेशने यातलं काहीच ऐकलं नाही, तो पाया पडला आणि गाडी पाठवतो म्हणाला. बाई म्हणाल्या, गाडी नको, एसटीने येईन. आईने मला सोबत धाडलं.

तलासरीच्या एसटीत बाई खिडकीला बसल्या होत्या. मध्येच एकदम म्हणाल्या, "तुला म्हणे कुठलाही आवाज काढता येतो."

मला वाटलं, आता माझी हजेरी. कुणीतरी ‘हात मागे’चं सांगितलं असणार. मी म्हटलं, थोडा थोडा येतो. त्यावर बाईंनी ओठ दाबून घशातून एक आवाज काढला. आधी जाड आणि लांब, मग लगेच बारीक आणि आखूड. टूंऽ, टिप. मी तसाच काढून दाखवला. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझी हसू येण्याची वेळ निघून गेली.

"अस्साच," त्या म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत सांगायला लागल्या.

ठाण्याला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. एका संगणकाभोवती वर्गभर शिक्षक. बाईंना शेवटपर्यंत पुढच्या सरांचा खांदाच दिसला. विचारायची लाज वाटली, कारण विचारणारी दुसरी बाईच नव्हती तिथे. परत आल्या तर शाळेच्या दारात हार. मुख्याध्यापक सगळ्यांना सांगत सुटले की आता आपल्या सावेबाईंना सगळं येतं, आणि बाईंनाच बजावलं की तालुक्यात दुसरा नाही, बिघडला तर जबाबदार तुम्ही. त्याच संध्याकाळी शाळा सुटल्यावर बाईंनी दार लावून घेतलं आणि बटण दाबलं. संगणकातून तो आवाज आला. टूंऽ, टिप. बाईंच्या डोक्यात एकच आलं, जळला. त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं, वायर काढली, झाकण घातलं आणि खोलीला कुलूप लावलं.

"त्यानंतर परत लावला नाही?" मी विचारलं.

"लावला असता आणि लागला नसता तर?" बाई म्हणाल्या.

एवढंच ते. पडदा, चपला बाहेर, पुठ्ठे, हात मागे, खंडेनवमीचा नारळ, सगळं त्या एका आवाजावर उभं होतं. कुणी हात लावला असता तर कळलं असतं की तो पहिल्याच दिवशी मेलाय, आणि मारणारं कोण आहे. म्हणून आज त्या निघाल्या होत्या ते सत्कार घ्यायला नाही. बटण दाबलं तरी काही होणार नाही हे त्या धरूनच चालल्या होत्या, आणि त्याच्या आधीच उभं राहून सांगायचं, की पोरांनो, हा मी पहिल्याच दिवशी बिघडवला आणि लपवला. घरून ठरवून आल्या होत्या. तलासरीला उतरून अच्छाडच्या शेअर इको गाडीत बसेपर्यंत त्या ते वाक्य तोंडातल्या तोंडात घोळवत होत्या. ओठांची हालचाल मला पाठ झाली.

अच्छाडच्या बोर्डावर रंगाऱ्याने अर्धंच काम केलं होतं. वर झोकदार अक्षरांत ‘जुने संगणक व व्हिडिओ गेम संग्रहालय’ आणि खाली तसंच राहिलेलं ‘पंजाबी, चायनीज, ट्रक पार्किंगची सोय’. आत तंदूरच्या कट्ट्यावर काळ्या पडद्याचे मॉनिटर ओळीने मांडलेले. गल्ल्याच्या जागी फ्लॉप्यांची काचेची पेटी. एका बाजूला नाणं टाकून खेळायचं उंच कपाट, दुसऱ्या बाजूला टीव्हीला जोडायचा गेम आणि त्याच्या पिवळ्या कॅसेटी. प्रितेश पाहुण्यांना दाखवत होता की कॅसेट चालली नाही तर आत फुंकर कशी मारायची, आणि पन्नाशीचे लोक एकेक करून फुंकर मारून घेत होते. समोर सतरंजीवर तलासरीकडच्या एका आश्रमशाळेची पोरं मांडी घालून बसवलेली. पहिल्या रांगेत एक चिमी नावाची मुलगी होती. मला तिचं नाव कळलं कारण त्यांचे सर दर मिनिटाला "चिमे, खाली बस" म्हणत होते.

मधोमध, काचेच्या पेटीत, बाईंचा संगणक. खरंच कोरा होता. बटणांवरची अक्षरं कालच छापल्यासारखी. दोन बटणांच्या फटीत लाल काहीतरी होतं. प्रितेश अभिमानाने सांगत होता की ते कुंकू आहे, पुसलं नाही, पुसणार नाही. खाली पाटी, ‘एकदाही न वापरलेला’. लोक वाकून वाचत आणि मान डोलवत. बाईंनी एकदा वाचलं आणि नंतर तिकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

भाषणं झाली. एक निवृत्त विस्तार अधिकारी होते. त्यांचा ‘च’ दातांतून शिटीसारखा यायचा आणि प्रत्येक वाक्य ‘सदर’पासून निघायचं. सदर संगणक, सदर बाई, सदर ढाबा. मी त्यांना पूर्ण उचलून ठेवलंय, कधीही मागा. मग प्रितेश बोलला. त्याने सातवीतली गोष्ट सांगितली. बाई पाणी प्यायला गेल्या असताना त्याने झाकणाखालून बोट घालून एक बटण दाबलं होतं आणि बाईंनी उलट्या हातावर पट्टी मारली होती. "अजून खूण आहे बघा," म्हणत त्याने हात वर केला. सगळे हसले. "त्या पट्टीमुळे मला वस्तूची किंमत कळली. मी आज जो काय आहे तो त्या पट्टीमुळे." टाळ्या. बाई खाली जमिनीकडे बघत होत्या.

मग त्यांना उठवलं. प्रितेशने काच उचलली. बाईंनी माइककडे हात केला, आधी बोलायचं आहे म्हणाल्या. प्रितेश म्हणाला, आधी बटण, मग बोला, आणि त्यांचा हात धरून त्याने त्यांचंच बोट बटणावर टेकवलं.

टूंऽ, टिप.

पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि त्यांच्याखाली एक छोटी रेघ लुकलुकायला लागली. ढाबाभर टाळ्या. बाईंनी बोट मागे घेतलं नाही.

"आतलं काही जळलं होतं का रे?" त्यांनी विचारलं. माइक चालू होता.

"कुठे बाई? बोर्ड कोरा. पावर सप्लायमधले दोन कपॅसिटर वयाने फुगलेले, ते बदलले, बस."

"आणि हा आवाज?"

"तो तर त्याचा नेहमीचा. चालू झाला की आधी हाच देतो. म्हणजे तब्येत बरी आहे."

बाईंनी घरून आणलेलं वाक्य आता काही कामाचं राहिलं नव्हतं. संगणक बिघडवल्याची कबुली द्यायला आल्या होत्या आणि संगणक तर बिघडलाच नव्हता. तो पहिल्या संध्याकाळीही ठीक होता, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी, पुठ्ठ्यांची टकटक चालू असताना, भिंतीच्या पलीकडे ठीक होता.

त्या तरीही बोलल्या. कागद नव्हता, आवाज नेहमीचा नव्हता. म्हणाल्या, मी कुणालाही याला हात लावू दिला नाही. टाळ्या. विस्तार अधिकारी म्हणाले, म्हणूनच सदर दिवस दिसला. बाई म्हणाल्या, मला स्वतःला तो येत नव्हता. लोक कौतुकाने हसले, मागून एक बाई दुसरीला म्हणाली, बघ कसे पाय जमिनीवर आहेत माणसाचे. बाई जरा चिडून म्हणाल्या, अहो, मी घाबरले होते आणि तुम्हा मुलांना पुठ्ठ्यावर टकटक करत बसवलं. त्याला तर सगळ्यांत मोठ्या टाळ्या पडल्या. प्रितेशचे डोळे भरून आले. त्याने शाल पांघरली, नारळ हातात दिला. बाई नारळ धरून उभ्या, जसा काही तो कुणाचा तरी परत करायचा आहे.

टाळ्या थांबल्यावर पहिल्या रांगेतून चिमीने विचारलं, "मंग आता आमी हात लावू?"

तिचे सर म्हणाले, चिमे. पण ती उठली होती आणि दोन पावलं पुढे आली होती. प्रितेश तिच्या आणि पेटीच्या मध्ये आला. काच खाली घेत, अगदी मायेने तो म्हणाला, "हात मागे."

मी वर्षभर घासूनही मला तो आवाज इतका साधलेला नाही. ‘हात’वर रेंगाळणं, ‘मागे’चा झटका, सगळं तेच. त्याने नक्कल केली नव्हती, त्याच्या घशात तो तसाच होता. चिमीचे हात पाठीमागे गेले. बाईंनी नारळ माझ्याकडे दिला.

"प्रितेश, काच काढ."

तो म्हणाला, बाई, कोरा पीस आहे, पोरांच्या हाताला घाम असतो, तुम्हीच तर शिकवलं. बाई म्हणाल्या, हो, चुकीचं शिकवलं, काढ. तो हसला. त्याला हाही बाईंचा विनयच वाटला. मग त्याने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि काच काढून भिंतीला टेकवून ठेवली.

चिमीने एक बटण दाबलं, एक अक्षर उमटलं. तिने तेच बटण दाबून धरलं तशी मुंग्यांसारखी अक्षरांची रांग पडद्यावर धावली. मागे पोरांची गर्दी झाली. प्रत्येकाने दाबलं, एकाने कुंकवात बोट घातलं. थोड्या वेळाने त्यांना पिवळ्या कॅसेटीचा गेम दिसला आणि सगळी तिकडे पळाली. या संगणकात त्यांना बघण्यासारखं फार काही नव्हतं. चिमीच्या घरी भावाचा टच फोन होता. बाई खुर्ची ओढून त्या लुकलुकणाऱ्या रेघेसमोर बसल्या. मला वाटलं, आता त्या काहीतरी टाइप करतील. त्यांनी हात मांडीवरच ठेवले.

परत येताना त्या एकच म्हणाल्या. "बिघडला असता तर बरं झालं असतं गं."

तेव्हापासून बाईंना एक नाद लागला. कुठलाही जुना विद्यार्थी भेटला की त्याला थांबवायचं आणि सांगायचं. बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर स्टेशनच्या जिन्यावर. ‘अरे, तो संगणक चांगला होता. मी घाबरून तुम्हाला लावू दिला नाही.’ उत्तरं मला पाठ आहेत. पोस्टातले काका, "काय बाई तुम्ही पण." दूधवाला, "तवा कुनाला होतं वो त्याचं." चिंचणीहून तारापूरला कामाला जाणारा एक इंजिनिअर, "अहो, तुमच्यामुळेच तर गोडी लागली." आमचे पप्पा तर म्हणाले, निगा राखायला शिकलो हे काय कमी आहे. बाई प्रत्येकाचं ऐकून घ्यायच्या. घरी येताना पिशवी या हातातून त्या हातात करायच्या. आई म्हणायची, बाईंना वयामुळे झालंय. मला तसं वाटत नव्हतं. त्यांना कुणीतरी ‘हो’ म्हणायला हवं होतं आणि अख्खं गाव त्यांना माफ करत सुटलं होतं, ऐकून घेण्याच्या आधीच.

मे महिन्यात मी आणि बाई धाकट्या डहाणूला सुके बोंबील घ्यायला गेलो. खाडीकडेला, वर ओढलेल्या होडीच्या सावलीत रतन तामोरे जाळं दुरुस्त करत बसला होता. पप्पांच्या वर्गातला, मी त्याला ओळखत नव्हते. बाईंनी ओळखलं. थांबल्या आणि नेहमीचं सांगितलं. मी मनात त्याचं उत्तर आधीच तयार केलं, कोळी हेल काढून, जाऊ द्या ओ बाय.

रतनची सुई थांबली.

"म्हणजे चालू होता?"

"होता."

"मी इचारलं होतं तुमाला."

"हो," बाई म्हणाल्या.

"तुमी बोललात, मासलीचे हात. यंत्राला वास लागंल."

मी बाईंकडे पाहिलं. हे त्यांनी एसटीत सांगितलं नव्हतं, माइकवरही नाही.

"बोलले होते," बाई म्हणाल्या. "वास नव्हता रे हातांना."

"नसंलच. राखेनं घासून आलो होतो."

तो ‘असू दे’ म्हणाला नाही. त्याने सुईतला दोरा ओढून घेतला, गाठ मारली आणि पुढचं भोक विणायला घेतलं. बोंबीलवाली आम्हाला हाका मारत होती, भाव उतरवला म्हणत होती. बाई हलल्या नाहीत. रतनने त्यांना बसा म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा काढून पिशवीत ठेवला, पदर खोचला आणि त्याचा हात जिथे पोचत नव्हता तो जाळ्याचा काठ ताणून धरला. त्याने एकदा वर पाहिलं आणि तो तेवढा काठ त्यांच्या हातात राहू दिला.